तुलाधाराची तागडी आणि एक कोरी सायकल



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, मोक्षधर्मातलं. भीष्म युधिष्ठिराला जाजली आणि तुलाधार यांची गोष्ट सांगतात. जाजली हा तपस्वी. वनात तो लाकडाच्या खांबासारखा इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांच्या एका जोडीने त्याच्या जटांमध्ये घरटं केलं. अंडी घातली, पिल्लं झाली, ती उडायला शिकली आणि शेवटी कायमची निघून गेली. तोवर हा हलला नाही. मग मात्र त्याला राहवलं नाही. दंड थोपटून म्हणाला, मला धर्म साधला! त्यावर आकाशातून आवाज आला की वाराणसीतल्या तुलाधाराची सर तुला नाही.

जाजली तणतणत वाराणसीला पोचतो, तर हा तुलाधार दुकानात बसून माल विकतोय. ऋषी नाही, राजा नाही, एक वाणी. (आपल्या तुकोबांच्या घरीही दुकानदारीच होती, हे वाचताना आठवतंच.) तुलाधार उठून स्वागत करतो, पक्ष्यांची सगळी हकीकत आपल्याला आधीच ठाऊक असल्याचं सांगतो आणि मग आपला धर्म सांगतो. तो धर्म ऐकायला फारच साधा आहे. मी सुगंधी द्रव्यं विकतो, रस विकतो, मद्य विकत नाही. दुसऱ्यांच्या हातून माल घेतो आणि कपट न करता विकतो. माझी तागडी सगळ्यांसाठी सारखी.

बहुतेक निरूपणांमध्ये या गोष्टीचा सगळा भर विकण्यावर असतो. मापात पाप नको, भेसळ नको, खोटं बोलून माल खपवू नका. कायदाही तसाच आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा नावाप्रमाणे घेणाऱ्याला जपतो. सगळीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: विकणारा शहाणा, घेणारा अडाणी. पण तुलाधार फक्त विकत नाही, आधी घेतोही. आणि घेणारा जास्त शहाणा असेल तर? विकणाऱ्याला आपल्या हातातल्या वस्तूची किंमतच माहीत नसेल, आणि घेणाऱ्याला ती नीट माहीत असेल, तर तागडी सरळ धरायची म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तीन महिन्यांपूर्वी मी एक सायकल घेतली, तेव्हापासून तो डोक्यात आहे.

नारायण पेठेतला एक वाडा रीडेव्हलपमेंटला जाणार होता. तिथल्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, माळा रिकामा करत होत्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत फिरत मेसेज आला: जुनी सायकल, वापरलेली नाही, घेऊन जा. मला सायकलींचा नाद आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याचं काम जावाचं, त्यामुळे हाताला काळं लागण्याची भूक मी अशी भागवतो.

सायकल खाली काढून भिंतीला टेकवलेली होती. धूळ बोटभर. दांडीभोवती तपकिरी कागदाची पट्टी अजून तशीच गुंडाळलेली, पायडल वेगळ्या पुडक्यात सुतळीने बांधलेले. आजी म्हणाल्या, "कोरी आहे रे. एकदाही कुणी बसलेलं नाही तिच्यावर." त्यांचे यजमान शिकायला इंग्लंडला होते. परत येताना बोटीतून धाकट्या भावासाठी ही सायकल घेऊन आले. तोवर इकडे दिरांचा स्कूटरचा नंबर लागला. स्कूटर दारात आल्यावर सायकलवर कोण बसतंय! "नंतर कुणाला तरी होईल म्हणून ठेवली, ती राहिलीच."

मी फडक्याने मागच्या चाकाचा हब पुसला. त्यावर अक्षरं उमटली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि शेजारी ६७. ही कंपनी हबवर तयार झाल्याचं वर्ष ठोकत असे. म्हणजे १९६७ चा तीन गिअरचा हब, आणि सायकल नॉटिंगहॅमची रॅले टूरिस्ट. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, ब्रूक्सची कातडी सीट. आपल्याकडच्या काळ्या, दणकट, दूधवाल्यांच्या सायकली ज्या घडणीच्या, त्याच घडणीतली ही.

या हबबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कंटाळा आला तर गाळा. चेन कुठेही सरकत नाही. सगळे गिअर हबच्या पोटात असतात: मधोमध एक सूर्य-चाक आणि त्याभोवती फिरणारी ग्रह-चाकं, ज्याला परीक्षेत आम्ही एपिसायक्लिक गिअर म्हणून घोकायचो आणि दहा मार्कांना रडायचो. मधला गिअर जसाच्या तसा, खालचा त्याच्या पंचाहत्तर टक्के, वरचा एकशे तेहतीस. १९३६ पासूनची ही रचना. बाहेर तेलाचे चार थेंब सोडायला एक चिमुकलं झाकण. बस. आज आपण जे कोड लिहितो त्यातलं तीस वर्षांनी काय चालेल, असा विचार मनात येऊन जातो.

मी विचारलं, "आजी, किती द्यायचे?"

"भंगारवाला सातशे देतोय. तू हजार दे आणि घेऊन जा. निदान चालवशील तरी."

आता माझ्या माहितीप्रमाणे अशी सायकल, अशा अवस्थेत, हौशी माणूस दहा हजारांना डोळे मिटून घेईल. पुण्यात असे लोक आहेत. कर्वेनगरात तर विक्रम पेंडशांचं अख्खं सायकल संग्रहालय आहे.

आणि मग माझ्या तोंडाने आपोआप सुरुवात केली. टायर गेलेत आजी, बघा, रबराला चिरा पडल्यात. जिथे टेकून उभे होते तिथे चपटे झालेत. ब्रेकचं रबर दगड झालंय. स्टीलच्या रिमवर आधीच पावसात ब्रेक नीट लागत नाही, त्यात हे. छर्ऱ्यांमधलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालं असणार. हबमधलं तेल सुकून डिंक झालंय, गिअर पडतच नाहीये. सीटचं कातडं रिबिटांपाशी फाटायला आलंय.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. किंबहुना ते सांगणं गरजेचंच होतं, कारण "कोरी" या शब्दात आजींचा एक भाबडा समज होता. वापरली नाही म्हणजे झिजली नाही, असं आपल्याला वाटतं. पण रबर हवेनेच म्हातारं होतं, तेल जागच्या जागी आटतं, आणि रोज फिरणाऱ्या चाकाला जे वंगण मिळत राहतं ते उभ्या चाकाला मिळत नाही. कपाटातली कोरी पैठणी घडीवर विरते, तसंच.

पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी फक्त एकाच पारड्यात वजनं टाकतोय. दोष, दोष, दोष. आणि हबवरच्या त्या ६७ वर माझा अंगठा नकळत तसाच राहिला होता.

घासाघीस करताना आपण सगळे हेच करतो ना? भाजीवालीला "वांगी किडकी दिसतायत" म्हणतो, "आज मेथी किती ताजी आणलीस" असं भाव ठरायच्या आधी कधी म्हणत नाही. हा बाजाराचा रिवाज आहे आणि त्यात मला पाप दिसत नाही, कारण मेथी ताजी आहे हे भाजीवालीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिच्या पारड्यात ते वजन आधीच आहे. मी न बोलल्याने काहीच लपत नाही. जुन्या बाजारात पथारीवर बसलेल्या दुकानदाराचंही तेच. तो रविवारी-बुधवारी वस्तूंचेच भाव खातो-पितो. त्याच्याकडून एखादी वस्तू मला स्वस्तात मिळाली तर तो आमच्या दोघांच्या खेळाचा भाग. पुढच्या वेळी तो मला गंडवेलच.

आजी त्या खेळात नव्हत्या. खेळ चालू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

ऑफिसमधल्या एका मित्राशी नंतर यावर बराच वाद झाला. त्याचा मुद्दा हलका नाही. तो म्हणाला, तू वर्षानुवर्षं सायकलींवर डोकं घातलंस, रात्री जागून वाचलंस, ते ज्ञान फुकट आलं का? डॉक्टर ज्ञानाचे पैसे घेतो, वकील घेतो, आपण दोघंही महिन्याच्या शेवटी तेच घेतो. मग तू नऊ हजारांचा फायदा घेतलास तर तो तुझ्या अभ्यासाचा मोबदला. मी बराच वेळ गप्प होतो. मग मला एवढंच सुचलं की डॉक्टर सांगण्याचे पैसे घेतो. मी न सांगण्याचे घेतले असते.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. तो म्हणाला, भंगारवाला सातशेच देत होता ना? तो चोर का? तू तर तीनशे जास्त देणार होतास.

यावर मी दोन दिवस विचार केला. भंगारवाल्याने सायकल काट्याला लावली, वीस किलोच्या आसपास लोखंड भरलं, त्याचा भाव सांगितला. त्याला ६७ चा अर्थ ठाऊक नाही. त्याच्यासाठी ती वस्तू म्हणजे वीस किलो लोखंड, आणि लोखंडाचा भाव त्याने सरळ सांगितला. खरं तर या सगळ्या गोष्टीत हातात खरीखुरी तागडी असलेला तो एकटाच माणूस. म्हणजे त्याच्या सातशे रुपयांत चोरी नाही, आणि माझ्या हजारात आहे. सायकल तीच, आजी त्याच, मी जास्त पैसे देतोय, तरीही. फरक फक्त मला काय माहीत आहे याचा. योगसूत्रांत यमांमध्ये अस्तेय येतं, चोरी न करणं. लहानपणी वाटायचं, हे आपल्याला आपसूक जमलंय, आपण कुणाच्या खिशात हात घालत नाही. पण जितकं जास्त कळायला लागतं तितकी चोरीची जागा वाढत जाते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि आपल्या पिढीच्या खिशात तर फोन आहे. समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या घरातल्या कुठल्याही वस्तूचा भाव अर्ध्या मिनिटात काढता येतो. पितळेचा कंदील, एचएमटीचं घड्याळ, मर्फीचा रेडिओ. वाडे पडतायत, माळे रिकामे होतायत, आणि विकणारे जवळजवळ सगळे सत्तरीच्या पुढचे.

असो. मी अंगठा काढला आणि सांगितलं. "आजी, ही लोखंडाच्या भावात देऊ नका. हौशी लोक हिचे दहा हजार देतील." हे म्हणताना माझा आवाज जरा बारीक झाला होता, हेही सांगून टाकतो. धर्म म्हणून सांगितलं, की पुढे कधी त्यांना कळलं तर काय या भीतीने सांगितलं, की रात्री झोप लागावी म्हणून, हे मला आजही नीट वेगळं काढता येत नाही.

अशा गोष्टींचा शेवट निरूपणांत फार गोड असतो. आजींचे डोळे भरून येतात, "तुझ्यासारख्यालाच द्यायची" म्हणून त्या हजारात सायकल देतात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब. मी पुतण्याला विचारते."

पुतण्या बेंगळुरूला, आपल्याच धंद्यातला. त्याने फोनवर फोटो मागवले, इंग्लंडच्या कुठल्यातरी साइटवर पौंडातला भाव पाहिला, रुपयांत फिरवला आणि मला म्हणाला, "अठरा." त्याचा हिशेब सरळ होता: जो माणूस स्वतःहून दहा म्हणतो, त्याच्या मनात वीस असणार. शिवाय "अनयूज्ड" आहे. मी त्याला समजावलं की तो भाव तिकडचा आहे, दुरुस्त करून तयार केलेल्या सायकलचा आहे, आणि न वापरलेली म्हणजे नवी नव्हे. टायरपासून छर्ऱ्यांपर्यंतची सगळी यादी पुन्हा वाचली. पण आता ती यादी त्याला घासाघीस वाटत होती. आधी आजींना खरं वाटलं असतं ते आता, खरं बोलल्यानंतर, कुणाला खरं वाटत नव्हतं.

नऊ दिवस असेच गेले. बाहेर पाऊस, वाड्याच्या अंगणात प्लास्टिकखाली सायकल, आणि माझ्या डोक्यात रोज एकच: गप्प बसलो असतो तर एव्हाना चालवत असतो. दहाव्या दिवशी अकरा हजारांवर तुटलं. म्हणजे मी स्वतः सांगितलेल्या आकड्यापेक्षाही हजार जास्त. शिवाय दुरुस्तीला तीन हजार दोनशे. बायको काही बोलली नाही, फक्त आकडा पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांनी हब रॉकेलने धुतला, आतल्या अडकलेल्या कुत्र्या सोडवल्या, हलकं तेल घातलं. अठ्ठावीस-दीडचं टायर अजून कुठल्याही दुकानात मिळतं, कारण आपल्या देशी सायकली तेच माप वापरत आल्या. ब्रेकची रबरं बदलली. सीट मात्र काकांनी बदलू दिली नाही. म्हणाले, तेल पाजत राहा, कातडं जिवंत होतं. पहिल्यांदा चालवली तेव्हा कर्वे रस्त्यावर तिसऱ्या गिअरला नुसती टिकटिक येत होती. तेरा-चौदा दिवस रोज चालवल्यावर आता तिन्ही गिअर पडतात. चालवून चालवून सुटले, असं काका म्हणतात.

या सगळ्यानंतर आज जाजली वाचला आणि तो मला वेगळा दिसला. आधी मला वाटायचं, भीष्म इथे अहंकारावर बोलतायत. आहेच ते. पण जाजलीचं दुसरंही काही आहे. तो कोरा आहे. त्याने कधी कुणाला फसवलं नाही, कारण त्याच्याकडे कुणी काही विकायला आलंच नाही. पक्ष्यांना त्याने इजा केली नाही हे फार मोठं, पण पक्षी त्याच्याशी भाव करत नव्हते. त्याचा धर्म माळ्यावर तपकिरी कागदात गुंडाळलेला. बाहेरून बघितलं तर रंग अगदी शाबूत, ब्रेक दाबून कुणी पाहिलेला नाही. तुलाधार रोज पन्नास गिऱ्हाइकांसमोर बसतो, आणि पन्नास वेळा तागडीचा काटा किंचित झुकवायची संधी त्याच्या हातात असते.

तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार माणसाचं प्रामाणिकपण बरंचसं जाजलीसारखं असतं, असं मला वाटू लागलंय. पगार खात्यात येतो, टॅक्स आधीच कापला जातो, बिलं आपोआप भरली जातात. खोटं बोलायची वेळच फारशी येत नाही. पस्तिशीपर्यंत मी स्वतःला सज्जन समजत आलो. त्या वाड्यात, नऊ हजारांसाठी, माझ्या अंगठ्याला कुणीही न शिकवता कुठे बसायचं ते बरोबर कळलं होतं.

उद्याच्या वाचनात जाजली हे सगळं ऐकून गप्प बसत नाही. तो तुलाधारावर उलटतो. तू तागडी हातात धरून धर्म सांगतोस, तुझं सगळ्यांनी ऐकलं तर शेती कशी चालायची, यज्ञ कसे चालायचे, तू तर नास्तिकासारखं बोलतोयस, असा त्याचा सूर. ऑफिसमधल्या मित्राचा शेवटचा मुद्दाही थेट हाच होता: सगळेच तुझ्यासारखे वागले तर बाजार बंद पडेल. तुलाधार यज्ञापासून उत्तराला सुरुवात करतो. मी ते एकदा वाचलंय, अजून पुरतं पचलेलं नाही. उद्या सकाळी सायकलवरून आल्यावर लिहीन.

राम कृष्ण हरी.